‘पोन्येम्येत्स्की’ला मराठीत काय म्हणावं?

वाटसरू: पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या शाळांत शिकवल्या जाणाऱ्या इतिहासावर मराठीत लिहितोय. १९४५ पर्यंत हे शहर जर्मनीचं, नाव ब्रेस्लाऊ. युद्धानंतर पोलंडची सीमा ओडर-नाइस नद्यांपर्यंत सरकली, जर्मनांना घालवून दिलं आणि त्यांच्या घरांत पोलिश लोक राहायला आले. ती घरं, कपाटं, विहिरी, सगळ्याला पोलिशमध्ये एकच विशेषण: ‘पोन्येम्येत्स्की’ (‘पो’ नंतर, ‘न्येम्येत्स्की’ जर्मन). मी ‘जर्मनोत्तर’ केलंय, पण कपाटाला शोभत नाही.

दौतटाक: नाहीच शोभत. ‘स्वातंत्र्योत्तर’सारखा तो कालखंड झाला. ‘पूर्वाश्रमीचं जर्मन’ चालेल?

बोरूमिया: कपाटाने संन्यास घेतलाय का? :) फाळणीनंतरच्या सरकारी भाषेत ‘निष्क्रांत मालमत्ता’ (देश सोडून गेलेल्यांची) होतं, ते बघा.

दौतटाक: अर्थ जवळचा आहे, पण त्याला तलाठ्याच्या दप्तराचा वास येतो.

परदेशी_भाडेकरू: मी त्या शहरात दोन वर्षं भाड्याने राहिलो. स्वयंपाकघरात चिनीमातीच्या बरण्या होत्या, निळ्या जर्मन अक्षरांत नावं घातलेल्या. ‘त्सुकर’ म्हणजे साखर, आणि त्यात मीठ! पहिल्याच सकाळी चहाची वाट लागली. घरमालकीणबाई म्हणाल्या, आजीपासून मीठ त्यातच असतं, कारण आजीला जर्मन वाचता येत नव्हतं. आजी ल्वूफहून (आजचं युक्रेनमधलं ल्विव) आलेली.

आता शब्दाचं. पोलिशमध्ये ‘पो’ म्हणजे नुसतं ‘नंतर’ नाही. आजी गेल्यावर तिचा कोट नातीकडे आला तर तो ‘पो बाब्ची’. आपल्याकडे ‘त्यांच्या मागे पत्नी व दोन मुले’ म्हणतो, त्यातलाच हा ‘मागे’. म्हणून माझं मत ‘जर्मनांमागचं’. जर्मनांमागचं कपाट, जर्मनांमागची बरणी.

वाटसरू: वा, हे बसलं! पाठ्यपुस्तकातही हाच शब्द असायचा का?

परदेशी_भाडेकरू: छे. हा घरातला शब्द. तेव्हाच्या सरकारचा शब्द ‘झ्येम्ये ओदझिस्काने’, परत मिळवलेले प्रदेश. १९४५ ते १९४९ या नावाचं मंत्रालयच होतं, मंत्री कम्युनिस्ट नेते गोमुल्का. मध्ययुगातल्या पोलिश प्यास्त राजांचा मुलूख घरी आला एवढं शिकवायचं, मधली शतकं गाळायची. गावांची नावंही बदलली: जर्मनीच्या पूर्व प्रशिया प्रांतातलं रास्टेनबुर्ग झालं केंत्शिन, केंत्शिन्स्की या इतिहासकारावरून. म्हणजे पोरगं शाळेत ‘परत मिळवलेले’ घोकणार आणि घरी येऊन ‘जर्मनांमागच्या’ टेबलावर जेवणार. १९८९ नंतर चित्र पालटलं. त्याच भागातल्या ओल्श्तिन शहराच्या ‘बोरूसिया’ या सांस्कृतिक संस्थेने १९९० पासून हाच धागा धरला की इथे जो जो राहून गेला, त्याचा इतिहास इथल्या आजच्या माणसांचाही. १९९९ च्या शिक्षणसुधारणेत प्रादेशिक वारसा शाळेत शिरला.

वाटसरू: मग सरकारी शब्दाला ‘पुनर्प्राप्त’?

दौतटाक: चालेल, पण अवतरणचिन्हांत.

बोरूमिया: आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ पाचेक हजार पोलिश निर्वासित होते. बहुतेक पूर्व पोलंडचे. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत संघात गेलेली. त्यांना ‘परत’ कुठे जायचं हाच प्रश्न होता. त्या शब्दाला अवतरणचिन्हं हवीतच.

वाटसरू: ठरलं. ‘जर्मनांमागचं’ घेतो. तळटीपेत ती बरणी टाकू का?

परदेशी_भाडेकरू: टाका की. फक्त त्यात साखर भरू नका.