चार तुकड्यांच्या फ्लाय रॉडचा सांधा फेकताना सुटतो. दुरुस्ती करावी की तुकडा बदलावा?

ओढाकाठ (पुणे)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे नऊ फुटी, पाच नंबरच्या लाइनसाठीचा, चार तुकड्यांचा कार्बनचा फ्लाय रॉड (कृत्रिम माशीचा गळ जाड दोरीने, म्हणजे लाइनने, फेकायची काठी) आहे. सहा वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांकडून तो जुनाच घेतला होता. यंदा एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर, गुशैणीच्या वरच्या अंगाला, ट्राउटसाठी उभा असताना पुढची फेक सुटली आणि रॉडचा वरचा अर्धा भाग लाइनवरून घसरत थेट पाण्यात गेला. मुठीकडून मोजल्यास दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यामधला सांधा सुटला होता. दाबून पुन्हा बसवला, तर दहाबारा फेकी टिकला. मग लाइन ओवायच्या कड्या एका रेषेत राहीनात आणि प्रत्येक फेकीला हाताला बारीक 'टक' जाणवू लागली.

एका मित्राने सांध्यावर पॉलिश पेपर मारायला सांगितले, दुसऱ्याने फेविक्विकचा एक थेंब सुचवला. दोन्ही करायला हात धजावत नाही. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, त्यामुळे मार्चपर्यंत सवड आहे. नेमके काय तपासावे?

मेणकाप (नाशिक)
हात धजावला नाही हे फार चांगले झाले. पॉलिश पेपरने नर बाजूची (दुसऱ्या तुकड्याच्या आत जाणाऱ्या टोकाची) भिंत पातळ होते आणि आधीच ढिला असलेला सांधा अधिक ढिला होतो; फेविक्विकने तुकडे कायमचे जोडले जातात आणि पुढेमागे सोडवताना कार्बनच्या तंतूंचे पापुद्रे निघतात.

आधी सांधा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. आजच्या बहुतेक कार्बन रॉडमध्ये वरच्या तुकड्याचे पोकळ तोंड खालच्या तुकड्याच्या निमुळत्या टोकावर टोपीसारखे बसते. काही रॉडमध्ये मात्र खालच्या तुकड्यातून वेगळी खुंटी बाहेर आलेली असते आणि नवा सांधा बसवल्यावर दोन्ही तोंडांमध्ये साधारण एक सेंटिमीटर फट राहते. ही फट म्हणजे दोष नव्हे, झिजेसाठी मुद्दाम ठेवलेली जागा आहे. ती संपून तोंडाला तोंड टेकले, की कितीही दाबले तरी सांधा आवळत नाही. तिथे मादी बाजूचे, म्हणजे पोकळ तुकड्याचे, तोंड किंचित कापून फट परत मिळवता येते, पण ते काम रॉड बांधणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे.

तुमचा सांधा टोपीसारखा असेल, तर प्रथम सफाई करा. कानाच्या कापूसकाडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पोकळ तोंड आतून पुसा. नदीची बारीक रेती आणि जुने मेण मिळून काळपट थर निघेल. नर बाजूही पुसा. मग बिनरंगी, बिनवासाची साधी मेणबत्ती नर बाजूवर हलकेच घासून बोटांनी सारखी करा. मेणाने सांधा निसटेल असे वाटते, पण प्रत्यक्षात त्याने पकड वाढते आणि कार्बनवर कार्बन घासण्याची झीज कमी होते. (बांबूच्या रॉडचे धातूचे सांधे वेगळे. त्यांना मेण लावू नये, कोरडे पुसावेत.)

जोडताना कड्या पाव फेरी बाजूला ठेवून सुरुवात करा आणि दाबत दाबत त्या रेषेत आणा. सोडवताना पिळत सुटू नका, सरळ ओढा.

हे सगळे करूनही 'टक' राहिली, तर मला तडा गेल्याची शंका आहे. ढिल्या सांध्यात नर आणि मादी पूर्ण लांबीभर टेकत नाहीत, फक्त दोन टोकांना टेकतात. त्यामुळे रॉड वाकला की नर बाजू पहारीसारखी तोंड उचकटते आणि उभी चीर पडते. उन्हात भिंग घेऊन बघा, नख आडवे फिरवा, मग कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर चीर आहे.

टे नदीकाठी (स्कॉटलंड)
वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत. एक कारण मी जोडतो. आमच्याकडे सामनसाठी तेरा ते पंधरा फुटी दोन हातांचे रॉड वापरतात. पाठीमागे झाडे असल्याने स्पे पद्धतीने, म्हणजे लाइन बाजूने वळवून फेकावी लागते. त्यात रॉडला सतत पीळ बसतो आणि चांगला सांधाही हळूहळू फिरत सुटतो. म्हणून इथले अनेक जण प्रत्येक सांध्यावर विजेच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळतात. तीर्थनच्या काठीही झाडी दाट असते असे ऐकले आहे. तुम्ही वळवून फेकत असाल, तर चिकटपट्टीचा उपयोग होईल. मात्र तिने सांधा फिरत नाही एवढेच. झिजलेला सांधा तिने बरा होत नाही. मासेमारी करताना दर अर्ध्या तासाने सांधे हाताने चाचपण्याची सवय लावा.

ओढाकाठ (पुणे)
दोघांचेही मनापासून आभार. सांधा टोपीसारखाच आहे. सफाई केली, मेण लावले, पकड सुधारली, पण 'टक' गेली नाही. काल सकाळी गच्चीवर भिंग घेऊन बसलो. तिसऱ्या तुकड्याच्या तोंडाशी दोऱ्याची गुंडाळी जिथे संपते, तिथून वर साधारण दीड सेंटिमीटर केसासारखी रेघ आहे. तुकडा किंचित वाकवला की ती उघडते आणि कापसाचा एक तंतू तिच्यात अडकून राहिला. यावर दोरा गुंडाळून इपॉक्सी लावले तर चालेल का?

मेणकाप (नाशिक)
तात्पुरते चालेल. चिरेच्या दोन्ही टोकांपलीकडे सेंटिमीटरभर दोरा घट्ट गुंडाळून पातळ इपॉक्सीचा हात दिला, तर एखादा प्रवास निभावतो. मात्र तेवढा भाग कडक होतो आणि वाक बदलतो; शिवाय मोठा मासा लागल्यावर भरवसा नाही. सवड असताना नवा तुकडाच मागवा. मुठीच्या वर क्रमांक छापलेला असेल, तो कळवा. नवी मादी जुन्या नरावर बसवून पाहावी लागते, म्हणून बनवणाऱ्यांना फक्त फुटलेला तुकडा न पाठवता शेजारचा दुसरा तुकडाही पाठवा.

ओढाकाठ (पुणे)
क्रमांक सापडला; अर्धा पुसट आहे, पण वाचता येतो. दोन्ही तुकडे जुन्या धोतराच्या कापडात वेगवेगळे गुंडाळून पीव्हीसी पाइपमध्ये घातले आहेत आणि नर बाजूवरचे मेण पुसून टाकले आहे. सोमवारी कुरियरला देतो.