वीस फुटी बास बोट (बास मासे धरायची) आता एकट्याला झेपत नाही. लहान घ्यावी का?

फोर्कवाला६८

मंडळी, नमस्कार. वय ६८, राहतो डॅलसच्या उत्तरेला, गळ टाकतो तो बहुतेक टेक्सासमधल्या लेक फोर्क तलावावर. गेली चौदा वर्षं माझ्याकडे २० फुटी फायबरग्लासची बास बोट आहे, मागे २२५ हॉर्सपॉवरचं इंजिन. ट्रेलर, पेट्रोल, सामान धरून चार हजार पौंडांच्या आसपास ओझं होतं.

फेब्रुवारीत एकटाच गेलो होतो. संध्याकाळी बोट ट्रेलरवर घेतली, बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या विंचचा पट्टा अडकवायला ट्रेलरच्या लोखंडी दांड्यावर पाय ठेवला आणि शेवाळावरून सटकलो. बदललेला गुडघा वाचला, खांदा मात्र तीन आठवडे दुखत होता. शेजारी बोट काढणाऱ्या एका भल्या माणसाने हात देऊन उठवलं. तेव्हापासून पहाटे रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, पोचलो की आधी बघतो, दुसरं कुणी आहे का. पूर्वी रॅम्प रिकामा दिसला की आनंद व्हायचा.

गळ टाकायला काहीच त्रास नाही, आठ तास उभा राहतो. त्रास आहे तो आधीचा आणि नंतरचा. पुढच्या डेकवरून खाली उतरणं, ट्रोलिंग मोटर (गळ टाकताना बोट हळू चालवायची छोटी विजेची मोटर) वाकून वर ओढणं, अंधारात कव्हरचे पट्टे आवळणं. घरी आलो की दुसरा दिवस आडवा.

मनात १६ फुटी ॲल्युमिनियमची बोट आहे, ४० ते ५० हॉर्सपॉवरची. फोर्कवर पाण्यात उभी असलेली जुनी झाडं इतकी आहेत की तिथे वेगाने जायची सोय तशीही कमीच. पण वाऱ्याची भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर मुलाने पहिला मोठा बास याच बोटीतून काढला होता, ती विकायची म्हटलं की गळा दाटून येतो. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, काय चुकलं आणि काय बरोबर ठरलं.

रेबर्नचा_जुना

दादा, मी ७४ चा आहे आणि हे दोनदा केलंय. पहिल्यांदा चुकलो, म्हणून सविस्तर लिहितो.

मी २१ फुटांवरून थेट १४ फुटी सपाट बुडाच्या बोटीवर आलो. हाताने ढकलता येत होती, फार खूश होतो. पण सॅम रेबर्न तलाव म्हणजे एक लाख एकराच्या वरचं पाणी, दुपारी दक्षिणेचा वारा सुटला की दोन फुटी लाटा सहज येतात. जड बोट लाट कापत जाते. हलकी, सपाट बुडाची बोट प्रत्येक लाटेवर चढते आणि आपटते, आणि तो प्रत्येक दणका सीटमधून थेट कमरेत जातो. पाठीसाठी लहान बोट घेतली आणि पाठच आणखी बिघडली. शिवाय मासा काढायला कडेला वाकलो की बोट कलायची. आठ महिन्यांत विकली.

आता १८ फुटी ॲल्युमिनियमची आहे, बुडाला पुढे चांगला व्ही आकार, ११५ हॉर्सपॉवर. माझं म्हणणं एवढंच की लांबी कमी करा, रुंदी कमी करू नका. त्याच लांबीत नव्वद इंचांच्या वर रुंदी मिळत असेल तर तीच घ्या, वयाबरोबर तोल जातो तेव्हा रुंदीच सांभाळते. इंजिनही बोटीच्या पाटीवर जी कमाल हॉर्सपॉवर लिहिलेली असते तिच्या जवळपासचं घ्या, वर जाऊ नका. कमी ताकदीची बोट दोन माणसं बसली की पाण्यावर उचलतच नाही, नाक वर करून रखडते, आणि तेव्हा समोरचं लाकूड दिसत नाही.

जुनी विकताना मलाही जड गेलं. पण नव्या बोटीने मी आठवड्यातून दोनदा जातो, जुनीने महिन्यातून एकदा जात होतो.

तीन_बॅटऱ्या

फोर्कवालेकाका, विकायच्या आधी एक हिशेब करा. तुमची ट्रोलिंग मोटर ३६ व्होल्टची असेल तर तीन शिशाच्या बॅटऱ्या असणार, मोठ्या आकाराच्या असतील तर प्रत्येकी साठ ते सत्तर पौंडांच्या. त्याच कामाची लिथियम बॅटरी साधारण तीस पौंडांच्या आत-बाहेर बसते. म्हणजे शंभर पौंड तिथेच गेले. चार्जर मात्र लिथियमला चालणाराच हवा, आणि इंजिन सुरू करायची बॅटरी बदलण्याआधी इंजिनाचं माहितीपुस्तक वाचा.

ट्रेलरच्या पुढे पायऱ्या आणि पकडायला दांडा बसवून मिळतो. तुम्ही घसरलात ते नेमकं तिथेच. बटण दाबलं की स्वतः खाली-वर होणारी ट्रोलिंग मोटरही मिळते. ती महाग आहे, पण वाकणं संपतं. यानंतरही जमेना तर विका, आणि या तिन्ही गोष्टी नव्या बोटीवर घेऊन जा.

बाबांची_जोडीदार

काका, माझे बाबा ७१ चे, त्यांच्यासोबत मी जाते, पण दर वेळी नाही जमत. बोट कुठलीही घ्या, मागे पाण्यात खोलवर उतरणारी शिडी हवीच. बाबा एकदा उथळ, ओळखीच्या खाडीत पडले. पोहता येतं, पण ओले कपडे आणि जॅकेटसकट कडेवरून स्वतःला वर ओढायची ताकद हातांत राहिली नव्हती. मी होते म्हणून झालं.

इंजिन बंद करणारी दोरी अंगाला लावणं १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना वेगात असताना सक्तीचं आहे, ते तुम्ही पाळत असालच. पण एकटा माणूस बहुतेक वेळा गळ टाकताना पडतो, तेव्हा मोठं इंजिन बंदच असतं आणि त्या दोरीचा काही उपयोग नसतो. तिथे जॅकेट अंगावर असणं आणि शिडी, एवढंच हाताशी असतं. जॅकेट आपोआप फुगणारं असेल तर त्याची गॅसची नळी दर मोसमात तपासा. बाबांची एकदा गंजलेली निघाली होती.

फोर्कवाला६८

सगळ्यांचे मनापासून आभार. रेबर्नच्या दादांनी तर माझे पैसे आणि पाठ दोन्ही वाचवले, १६ फुटीसाठी बयाणा देण्याच्या बेतात होतो. पायऱ्या या आठवड्यातच बसवतोय, जुन्या ट्रेलरला, कारण वसंतातला मोसम हातचा घालवायचा नाही.

१८ फुटी एक बघितली आहे, ९२ इंच रुंद. मालकाला म्हटलं, वारा असलेल्या दिवशीच पाण्यावर न्यायची, शांत पाण्यात सगळ्याच बोटी चांगल्या वाटतात. तो तयार आहे, शनिवारी जातोय, मुलगाही येतोय. काल सौ. आणि मी गॅरेजच्या फरशीवर खडूने तिची लांबी-रुंदी आखली. ट्रेलरचा दांडा दुमडला तर दार लागतं. फक्त गवत कापायचं यंत्र मागच्या शेडमध्ये हलवावं लागेल.