सत्र अर्धं झालं, सूत्रं पाठ आहेत, पण डिस्ट्रिब्युशन निवडता येत नाही

स्टॅटवाली_कोथरूड
एस.वाय. बी.एस्सी., प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन्सचा पेपर. २ क्रेडिट, म्हणजे ३० तास. गणपतीच्या सुट्ट्या वजा जाता हातात १४ तास उरलेत. वर्गात ६६ मुलं. पहिल्या अंतर्गत चाचणीची सरासरी २० पैकी ७.८. 'बायनॉमिअल (ठरलेल्या प्रयत्नांत किती यशं) वापरून काढा' असं लिहिलं की बरेच जण नीट सोडवतात. नुसतं उदाहरण दिलं की कुठलं डिस्ट्रिब्युशन (कुठल्या निकालाची शक्यता किती, ते सांगणारं सूत्र) लावायचं इथेच गाडी अडते. पॉयसाँ, जॉमेट्रिक, हायपरजॉमेट्रिक अजून व्हायचेत. फीडबॅक फॉर्म घेईन म्हणते, पण त्यात 'मॅडम छान शिकवतात' आणि 'नोट्स द्या' यापलीकडे काही हाती लागत नाही. उरलेल्या तासांत नेमकं काय बदलावं?

पेपरतपासनीस
फॉर्म नंतर, आधी पेपरांचा गठ्ठा परत सोडा. एकूण गुणांच्या क्रमाने लावून वरचे १८ आणि खालचे १८ बाजूला काढा. ६६ चे २७ टक्के साधारण तेवढेच होतात. मग प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना जमला ते मोजा. दोन्हींची बेरीज भागिले ३६ केली की प्रश्न किती सोपा गेला ते कळतं. वरच्यांतून खालचे वजा करून १८ ने भागलं की हुशार आणि कच्चा यांत तो प्रश्न फरक करतो का ते दिसतं.

वर १५, खाली ५ : दोन्ही आकडे ०.५६. चांगला प्रश्न. वर ४, खाली ३ : कुणालाच आलं नाही, हा भाग पुन्हा शिकवायला हवा. वर ६, खाली ९ : फरक उणे ०.१७. इथे मुलांना बोल लावू नका. बहुधा प्रश्नाची भाषा दुहेरी आहे किंवा आदर्श उत्तरातच गफलत आहे. असे प्रश्न वगळून ती ७.८ पुन्हा काढा, मग काळजी करा.

किमान_कमाल
बरोबर-चूक मोजण्यापेक्षा चुकीची उत्तरं काय आली ते लिहून काढा, जास्त कळेल. समजा ५ प्रयत्न, यशाची संभाव्यता ०.२, आणि 'ॲट लीस्ट २' विचारलंय. बरोबर उत्तर ०.२६२७. ज्याने ०.२०४८ लिहिलं त्याने 'ॲट लीस्ट' वाचलंच नाही, नेमके २ काढले. ०.०५७९ आलं तर 'दोनपेक्षा जास्त' असा अर्थ घेतला, म्हणजे १ मधून शून्य, एक आणि दोन तिन्ही वजा केले. ०.६७२३ आलं तर फक्त शून्याची वजा केली. 'किमान १' ची सवय लागलेली मुलं हमखास इथे घसरतात. तिघांनाही सूत्र येतंय, अडचण वाचण्यात आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमात असलेल्यांसाठी फळ्यावर 'ॲट लीस्ट = किमान, ॲट मोस्ट = जास्तीत जास्त' लिहा आणि संख्यारेषेवर खूण करून दाखवा. दहा मिनिटं पुरतात.

पेठेतला_फळा
मूळ दुखणं धड्यांच्या रचनेत आहे. बायनॉमिअलच्या धड्याखालची सगळी उदाहरणं बायनॉमिअलचीच, मग निवडायची वेळ येणार कधी? एका कागदावर १२ मिश्र उदाहरणं द्या आणि सोडवायला मनाई करा. प्रत्येकापुढे फक्त चार गोष्टी लिहायच्या: प्रयत्नांची संख्या ठरलेली आहे का, संभाव्यता दरवेळी तीच राहते का, प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, आणि मोजतोय काय. २० बल्बांत ४ खराब, ५ उचलले, परत ठेवले नाहीत: दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं की हायपरजॉमेट्रिक आपोआप समोर येतं. पहिला खराब बल्ब कितव्या चाचणीत सापडतो असं विचारलं आणि उचललेला परत ठेवला, तर जॉमेट्रिक.

पॉयसाँला (ठरावीक काळात विरळ, स्वतंत्र घटना किती घडतात ते मोजणारं) कृपया पुण्यातल्या पीएमपीची बस घेऊ नका! पंधरा मिनिटं काही नाही, मग तीन पाठोपाठ. एकमेकींपासून स्वतंत्र नसलेल्या घटना आहेत त्या. त्याऐवजी संख्याशास्त्रज्ञ बोर्टकेविचने १८९८ मध्ये छापलेली प्रशियन सैन्याची आकडेवारी घ्या. घोड्याच्या लाथेने झालेले मृत्यू, एका तुकडीची एका वर्षाची एक अशा २०० नोंदी: शून्य मृत्यू १०९ वेळा, एक ६५, दोन २२, तीन ३, चार १. सरासरी ०.६१, व्हेरिअन्सही (विचरण) जवळपास ०.६१; पॉयसाँत हे दोन्ही सारखेच असतात. पॉयसाँने शून्यासाठी १०८.७ येतात, एकासाठी ६६.३. मुलांनाच कॅल्क्युलेटरवर काढू द्या, तेवढा तास सत्कारणी लागेल.

तासांची वाटणी माझ्या मते: दुरुस्तीला ३, नव्या भागाला ९, शेवटी मिश्र सरावाला २. सिद्धता कमी करायच्या तर अभ्यासक्रमात 'स्टेटमेंट ओन्ली' लिहिलेल्याच सोडा, बाकीच्या सत्रांत परीक्षेत विचारतात.

चिठ्ठीवाला
फीडबॅक मात्र टाळू नका, प्रश्न बदला. 'शिकवणं कसं वाटतं' असं विचारलं की मुलं शिष्टाचार पाळतात. कॉलेजच्या ईमेलवरून गूगल फॉर्म भरायला लावला तर खरं कुणीच लिहिणार नाही. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या, नाव नाही, आणि गोळा दुसऱ्या शिक्षकांनी करायच्या. प्रश्न एकच: मागच्या दोन आठवड्यांत कुठल्या उदाहरणाच्या कुठल्या पायरीला अडलात? तास सुरू होतानाची ७ मिनिटं घ्या. शेवटी घेतल्यात तर सगळ्यांचं लक्ष डब्यावर.

चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: पुढच्या तासाला करता येईल, पुढच्या वर्षी, आणि जमणार नाही. तिसऱ्या ढिगाचंही कारण वर्गात सांगा. आठवड्याच्या आत काही बोलला नाहीत तर पुढच्या वेळी कोऱ्या चिठ्ठ्या येतील.

स्टॅटवाली_कोथरूड
एक प्रश्न वगळावाच लागेल असं दिसतंय, 'विदाउट रिप्लेसमेंट' (परत न ठेवता) माझ्याकडूनच लिहायचं राहिलं होतं. दुरुस्तीच्या ३ तासांनंतर पुन्हा चाचणी घ्यावी का?

पेपरतपासनीस
घ्या, पण लगेच नको; साधारण १० दिवस जाऊ द्या, नाहीतर ताजी पाठांतरं मोजाल. १० मिनिटं, ४ उदाहरणं, फक्त डिस्ट्रिब्युशनचं नाव आणि एका ओळीत कारण. वगळलेल्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना द्यायचे की बाकीच्यांच्या प्रमाणात वाढवायचे, ते विभागप्रमुखांकडून लेखी घेऊन ठेवा.