उकिरडा म्हणजे नुसता कचऱ्याचा ढीग का?

काल एका बातमीत डम्पिंग ग्राउंडला 'शहराचा उकिरडा' म्हटलेलं वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मला तरी हे खटकतं. उकिरड्यावर शेण, गोठ्यातला केर, चुलीतली राख, पालापाचोळा रोज पडत राहतो आणि पावसाळ्याआधी तेच सगळं उकरून गाडीत भरून शेतात जातं, म्हणजे टाकलेलं परत कामाला यायचं असतं. थंडीत सकाळी त्यात फावडं घातलं की भसकन वाफ येते, कारण कुजताना आतलं तापमान ५५-६० अंशांवर सहज जातं, हात घालून बघा चटका बसतो की नाही. कचरा डेपोत प्लास्टिक, काच, राडारोडा सगळं एकत्र कोंबलेलं, वर मिथेन साठून आगी लागतात ते वेगळंच, ते कोण कशाला शेतात नेईल!

शब्दही चांगला जुना आहे. संस्कृतात 'उत्कर', म्हणजे ढीग, केर. गंमत म्हणजे यज्ञात वेदी खणताना निघालेली माती नि झाडलेलं गवत टाकायची ठरलेली जागा असते, तिलाच उत्कर म्हणतात. आपलं 'उकरणे' पण त्याच घराण्यातलं, आणि गुजरातीत आजही 'उकरडो' आहेच. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही सापडतो.

ता. क. लिहिताना 'कि' ऱ्हस्व, सामान्यरूप उकिरड्या-. 'उकीरडा' नको.

---

उत्करचं माहीत नव्हतं, भारी. पण अर्थाबद्दल तुम्ही जरा जास्तच सोवळं पाळताय असं वाटतं. 'खोलीचा पार उकिरडा केलायस' हे आई म्हणते तेव्हा तिला खत थोडंच अपेक्षित असतं? आणि उकिरडे फुंकणे घ्या ना, गाढवासारखं नको तिथे भटकत तोंड घालत हिंडणं, त्यात घाणच आहे की. शिवाय ढीगच पाहिजे असंही नाही, शेणखताच्या खड्ड्यालाही उकिरडाच म्हणतात.

---

खड्ड्याचं मान्य, ते माझ्याकडून राहिलं. आईचंही मान्य, शिवी म्हणून चालतोच तो, मी बातमीतल्या वापराबद्दल बोलत होतो. तिथे कचरा डेपो म्हणा, सरकारी थाटात क्षेपणभूमी म्हणा (हा शब्द ऐकून मला आधी रॉकेटच आठवतं).

बाकी ढिगांच्या बाबतीत मराठी भलतीच चोखंदळ आहे बरं का. धान्याची रास, कडब्याची गंज, भाकरींची चवड, पोत्यांची थप्पी, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड. यातलं एकही कचऱ्याला लावून बघा, कचऱ्याची रास म्हटलं की कसंतरीच होतं. त्याच्या वाट्याला ढीग, ढिगारा, फार तर खच. त्यातही खच आडवा पसरलेला लागतो, रिकाम्या बाटल्यांचा खच पडतो, आणि तोच झाडून कोपऱ्यात लोटला की ढीग झाला.

---

आणि 'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी देखील फिटते' ही म्हण कुणीच कशी काढली नाही अजून? कुणाचेही दिवस कधी ना कधी पालटतात या अर्थाने. डेपोला लावून बघा, बारा वर्षांनी फक्त उंची वाढलेली असते.