मदत हवी आहे : इलेक्ट्रॉनिक स्टीअरिंग लॉक उघडत नाही, गाडी बेसमेंटमध्ये अडकली आहे

रानजाई

नमस्कार मंडळी,

गाडी २०११ची, जर्मन बनावटीची सेडान, पेट्रोल, ऑटोमॅटिक. चावी पात्याची नाही. प्लास्टिकची जाड चावी डॅशबोर्डातल्या खाचेत खोचून फिरवायची. चावी खोचली की स्टीअरिंगखालून 'झर्र' असा बारीक आवाज यायचा आणि कुलूप सुटायचं. गेल्या काही आठवड्यांत हा आवाज उशिरा यायला लागला, कधी चावी काढून परत घातल्यावर यायचा. आता अजिबात येत नाही. चावी फिरत नाही, मीटरवर एकही दिवा लागत नाही, स्टीअरिंग घट्ट अडकलेलं.

बाकी सगळं चालू आहे. रिमोटने दारं उघडतात, हेडलाइट लागतात, हॉर्न वाजतो. दुसरी चावी घालून पाहिली, तेच. बॅटरी मीटरने मोजली, १२.५ व्होल्ट. हेडलाइट लावून मोजलं तरी फारशी उतरली नाही. स्कॅनर लावला, पण इग्निशनच चालू होत नसल्यामुळे तो गाडीशी बोलत नाही.

सर्व्हिस सेंटरने न बघता फोनवरच सांगितलं की पूर्ण स्टीअरिंग कॉलम, लॉक, चावीची खाच आणि चाव्या असा सगळा संच बदलावा लागेल. आकडा ऐकून घरात शांतता पसरली. ते म्हणतात गाडी आणून द्या. आणणार कशी? गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, खांबाच्या कोपऱ्यात, पुढची चाकं पूर्ण डावीकडे वळलेली. गिअर 'पी'मध्ये. उताराची उंची कमी असल्यामुळे फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा टोइंगचा ट्रक) आत येत नाही. त्यात पुढच्या आठवड्यात वॉटरप्रूफिंगचं काम सुरू होतंय, बेसमेंट रिकामं करा अशी नोटीस लागली आहे.

गाडी बाबांची आहे. त्यांनी ती जिवापाड जपली आहे आणि मला ती भंगारात किंवा पडत्या भावात द्यायची नाही. खरंच पूर्ण संच लागतो का, की फक्त लॉक दुरुस्त होतं? बिघाड लॉकमध्येच आहे की चावीच्या खाचेत, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि एक जण 'एम्युलेटर लावा, कटकटच नको' म्हणाला, ते करावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

भटका_नाशिककर

ताई, चावीचा सेल बदलून पाहिलात का? माझ्या बटण-स्टार्ट गाडीत असंच झालं होतं, सेल गेला होता. दुसऱ्या एका गाडीत ब्रेक लाइटचं स्विच खराब निघालं. ब्रेक दाबल्याचं गाडीला कळतच नव्हतं.

रानजाई

सेल नवा घातला आहे, फरक नाही. माझ्या गाडीत बटण नाही, त्यामुळे ब्रेकच्या स्विचचा संबंध नसावा. तरी ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात हे पाहून घेतलं.

वायरमन_कोल्हापूर

ताई, घाबरू नका. हे काम मी बरीच वर्षं करतोय. पूर्ण संच बहुतेक वेळा लागत नाही.

आधी आत काय आहे ते सांगतो. स्टीअरिंग कॉलमला चिकटून एक डबी असते. तिच्यात छोटी डीसी मोटर, वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर), एक पोलादी पिन, पिन कुठे आहे ते सांगणारे सेन्सर आणि सर्किट बोर्ड. कॉलमवर खाचा असलेली कडी असते, पिन त्या खाचेत घुसली की स्टीअरिंग अडकतं. तुम्ही चावी घातली की चावीच्या खाचेतलं मॉड्यूल आधी चावी ओळखतं, मग लॉकला 'उघड' म्हणून निरोप पाठवतं. लॉक पिन मागे घेतं आणि 'उघडलं' असं उत्तर देतं. हे उत्तर आलं तरच चावी फिरते आणि मीटरवर दिवे येतात. म्हणून लॉक मेलं की अख्खी गाडी मेल्यासारखी दिसते, आणि माणूस बॅटरी नाहीतर चावी बदलत बसतो.

आता कान देऊन ऐका. चावी घातल्यावर मोटर पूर्ण फिरल्याचा आवाज येतोय पण स्टीअरिंग सुटत नाही, किंवा फक्त 'टक्' होऊन थांबतंय, तर मोटर जिवंत आहे आणि पिनवर ताण आहे. चाक फूटपाथला टेकवून किंवा पूर्ण वळवून लावलं की कॉलम पिनला दाबून धरतो. अशा वेळी एका हाताने स्टीअरिंग ताणाच्या उलट बाजूला दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने चावी घालायची. निम्म्या गाड्या इथेच सुटतात.

अजिबात आवाज नाही, तर तीन गोष्टी उरतात : लॉकला करंट पोचत नाही, निरोप पोचत नाही, किंवा मोटर गेली. तुमच्या गाडीत आवाज हळूहळू उशिरा यायला लागला आणि मग बंद पडला, म्हणून मला मोटरचाच संशय आहे. मोटरचे ब्रश, म्हणजे आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजतात, ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर काळी पूड बसते, आणि मोटर एखाद्या ठरावीक जागी थांबली की तिथून उठत नाही. दर वेळी गाडी लावली की एकदा आणि काढली की एकदा, अशी ती फिरलेली असते. शहरात दिवसभर दुकानं करत हिंडणाऱ्या गाडीचं लॉक लवकर जातं, मग किलोमीटर कितीही कमी असोत.

करून बघण्याजोगं एक : दोन माणसं लागतील. एकाने स्टीअरिंगखालचं कव्हर काढून लॉकच्या डबीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टक टक करायचं, त्याच क्षणी दुसऱ्याने चावी घालायची. हातोडी नको. वरच्या बाजूला एअरबॅगची वायर असते, तिकडे हात नको. ब्रश किंचित हलला की मोटर एकदा फिरते.

आणि हे पाटीवर लिहून ठेवा : एकदा का लॉक सुटलं, की चावी परत काढायची नाही. काढली की लॉक परत बसेल आणि पुढच्या वेळी उघडेलच याची खात्री नाही.

ऑसिलोस्कोप

वायरमन दादांच्या बोलण्यात थोडी भर. मी पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करतो.

टक टक करून पाहाच, पण तासन्‌तास नको. अनेक लॉकच्या आत अशी सोय असते की उघडायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसला की बोर्ड स्वतःच्या मेमरीत 'मी निकामी' अशी नोंद करून टाकतो. त्यानंतर नवी मोटर घातली तरी तो हलत नाही. मग ती नोंद पुसायला प्रोग्रामर, म्हणजे बोर्डाची मेमरी बदलणारं यंत्र, लागतं किंवा नवं लॉक गाडीच्या मॉड्यूलशी जुळवून घ्यावं लागतं. थोडे प्रयत्न करा, न जमल्यास थांबा.

मीटर असेल तर लॉकच्या कनेक्टरवर, कनेक्टर न काढता मागच्या बाजूने, बारा व्होल्ट आणि अर्थ आहे का ते बघा. तो आहे आणि चावी घालताना तारेवर हालचाल दिसते, तर चावीची खाच ठीक आहे. बऱ्याच गाड्यांत हा निरोप एकाच तारेवरून, लिन बसवरून जातो. निवांत असताना त्या तारेवर जवळपास बॅटरीइतकाच व्होल्टेज असतो आणि बोलणं चालू झालं की साध्या मीटरवरही तो क्षणभर खाली आल्यासारखा दिसतो. व्होल्टेज हललाच नाही, तर संशय खाचेवर किंवा वायरवर घ्या. हे मोजल्याशिवाय कोणालाही संच बदलू देऊ नका.

मोटरच्या दोन टोकांना बाहेरून थेट बॅटरी लावायचा सल्ला कोणी देईल. लॉक गाडीवर असताना ते करू नका, मध्ये बोर्ड आहे.

हे कुलूप इतकं अडेलतट्टू का, याचंही कारण आहे. चालत्या गाडीत पिन बाहेर आली तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेसाठी २०११ साली आलेल्या आयएसओ २६२६२ या मानकानुसार स्टीअरिंग लॉक सहसा सगळ्यात कडक, म्हणजे एएसआयएल डी या दर्जाला बसवतात. गाडी चालू असताना लॉक लावणाऱ्या भागाचा पुरवठाच तोडून ठेवायचा, ही त्यातलीच एक पद्धत. शंका आली की हलायचं नाही, अशीच त्याची रचना असते. गैरसोय होते, पण मला ती योग्य वाटते.

नेकारकाठ

मी स्टुटगार्टला असतो. एम्युलेटरबद्दल : ती एक छोटी डबी असते, लॉकच्या जागी बसते आणि गाडीने विचारलं की 'उघडलं आहे' एवढंच उत्तर देते. इकडे जर्मनीत गाडीला चोरीपासून संरक्षणाची सोय असलीच पाहिजे, तसं वाहन नियमांच्या कलम ३८अ मध्ये आहे, त्यामुळे लॉक काढून टाकलं तर गाडीची मान्यता आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. भारतात मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. तुमच्या विमा कंपनीला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी 'चालतंय' यावर जाऊ नका.

वायरमन_कोल्हापूर

बरोबर. माझं तर स्पष्ट मत आहे, मोटर मिळतेय तोवर दुरुस्तीच करा. एम्युलेटर बसवणारे काही जण जुनी पिन आत तशीच ठेवतात. अर्धवट मागे गेलेली पिन आणि वर 'उघडलं' म्हणणारी डबी, ही जोडी मी माझ्या गॅरेजमधून बाहेर जाऊ देणार नाही. बसवायचाच असेल तर पिन काढून हातात घ्या, मग बसवा.

भटका_नाशिककर

गाडी हलवायची असेल तर चारही चाकांखाली ट्रॉल्या घालून सरकवता येते. जॅकवर चाक उचलायचं, खाली चाकांची ट्रॉली सारायची. मग चाकं वळलेली असोत की गिअर 'पी'मध्ये असो, गाडी आडवीसुद्धा सरकते. टोइंगवाल्याला फोनवरच सांगा की स्टीअरिंग आणि गिअर दोन्ही लॉक आहेत, नाहीतर तो साखळी घेऊन येईल आणि ओढताना गिअरबॉक्सची वाट लावेल. फक्त उतारावर ट्रॉल्यांचा भरवसा धरू नका. तिथे विंच लागेल आणि माणसंही लागतील.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी केलेल्या गोष्टी सविस्तर लिहिते, पुढे कोणाला उपयोग होईल.

आधी कनेक्टरवर मोजलं. बारा व्होल्ट आहे, अर्थ आहे. चावी घालताना तिसऱ्या तारेवरचा आकडा खाली जाऊन परत येतो. म्हणजे खाच बोलते आहे, लॉक ऐकत नाही. मग भाच्याने खाली आडवं पडून डबीवर टक टक केलं, मी स्टीअरिंग उजवीकडे दाबून धरून चावी घातली. पहिल्यांदा काहीच नाही. नंतर एकदम 'झर्र', आणि मीटरवरचे सगळे दिवे एकदम पेटले. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

चावी काढलेली नाही. गाडी लगेच चालू करून वर अंगणात आणली, चावी खाचेतच आहे आणि बॅटरीला चार्जर लावून ठेवला आहे. रात्री वॉचमनदादांना सांगून बाबांनी स्वतः दोनदा खाली चक्कर मारली.

आज ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने लॉक खोलून काढलं. पिन पूर्ण मागे होती म्हणून कॉलमवरून सरळ सुटलं, काही कापावं लागलं नाही. मोटर उघडली तर आतून काळी पूड सांडली. एक ब्रश जवळजवळ संपलेला, कम्युटेटरवर एका जागी खोल चर. वर्म गिअर आणि बोर्ड स्वच्छ आहेत, कुठे ओल नाही.

आता दोन शंका. मेमरीत 'निकामी' नोंद झाली आहे का, हे मोटर बदलण्याआधी कळतं का? आणि नवी मोटर घेताना काय बघायचं?

ऑसिलोस्कोप

काल लॉक उघडलं आणि गाडी चालू झाली, म्हणजे ती नोंद अजून झालेली नाही. झाली असती तर उघडलंच नसतं. आता जुन्या मोटरवर एकही प्रयत्न करू नका.

वायरमन_कोल्हापूर

शाब्बास ताई, वेळेत काढलंत. पिन अडकलेल्या अवस्थेत आलं असतं तर डबीला ड्रिल मारून गिअर हाताने फिरवावा लागला असता.

मोटर घेताना जुनी सोबत न्या. व्होल्टेज, शाफ्टची जाडी आणि बाहेर आलेल्या शाफ्टची लांबी, तिन्ही जुळलं पाहिजे. खेळण्यातली तशीच दिसणारी मोटर स्वस्तात मिळते, ती घेऊ नका. फिरण्याची दिशा बघून घ्या, तारा उलट लागल्या तर 'उघड' म्हटल्यावर पिन बाहेर येईल. जुन्या मोटरवरचा वर्म काढताना पुलर वापरा, पकडीने ओढलात तर दात जातील. ग्रीस अगदी थोडं, फक्त गिअरवर. सेन्सरच्या बाजूला नको.

बसवायच्या आधी लॉक कॉलमच्या बाहेरच ठेवून कनेक्टर जोडा आणि चावी घाला-काढा असं बऱ्याच वेळा करा. पिन दर वेळी पूर्ण आत, पूर्ण बाहेर गेली पाहिजे आणि आवाज एकसारखा आला पाहिजे. मग कॉलमवर बसवा, इंजिन चालू करून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, आणि चाकं सरळ ठेवून पहिल्यांदा चावी काढा. त्या वेळी गाडी मोकळ्या जागेत असू द्या, बेसमेंटमध्ये नको.

रानजाई

मोटर मुंबईहून मागवली आहे. बसवून झालं की इथेच कळवते. नेकारकाठ, विमा कंपनीला ईमेल करायची आता गरज उरली नाही, लॉक मूळचंच राहणार आहे.