राणीछाप रुपये: मोडीत द्यावे की ठेवावे?

गोदाकाठ (नाशिक):
लक्ष्मीपूजनाच्या डब्यात १२ रुपये आहेत: १८६२ चे तीन, १९०७ चा एक, १९११ चा एक, १९१९ चे दोन, १९४२ चे तीन, १९४७ चा एक आणि एक जाडसर, फारसी अक्षरांचा. सराफ बाजारात सगळ्यांना मोडीचा एकच भाव सांगतात. १८६२ च्या एका नगाचं वजन ११.२० ग्रॅमच भरलं, तो खोटा असेल का? आणि दाखवायला नेण्याआधी चिंचेने उजळून घेऊ का?

बंदा_रुपया:
चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, काहीही लावू नका. काळपट थर नाण्याचं नुकसान करत नाही. घासलं की बारीक ओरखडे उठतात, मूळची झळाळी जाते आणि संग्राहक तो नग बाजूला ठेवतो. हळदकुंकवाचं किटण असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि न चोळता टिपून घ्या.

एकच भाव चुकीचा आहे. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० पासून वजन तेच राहिलं, पण चांदी निम्मी झाली, म्हणून १९४२ च्या रुपयात फक्त ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाही. लोहचुंबक लावा, चिकटेल. (चुंबक चिकटला नाही म्हणजे चांदीच, असं मात्र धरू नका. तांबं, पितळही चिकटत नाही.)

११.२० चं उत्तर नाण्याच्या चेहऱ्यावर मिळेल. झिजून वजन घटलं असेल तर राणीचा मुकुट आणि केसांच्या बटा सपाट दिसतील. नक्षी ठसठशीत आणि वजन कमी, तर संशय घ्या. खात्रीसाठी ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. बुडबुडा चिकटून राहिला तर आकडा फुगतो. ११.६६ चा अस्सल जुना रुपया साधारण १.१३ ग्रॅम दाखवतो, १९४२ चा १.२२ च्या आसपास. तुमच्या हलक्या नगाला १.०८ यायला हवा. १.२५ च्या वर गेला तर आत तांबं किंवा जर्मन सिल्व्हर (नावात सिल्व्हर, पण चांदी नाही) आहे.

टाकसाळ_४२२:
सालांचं सांगतो. १८६२ पाहून हुरळून जाऊ नका: १८७४ पर्यंत रुपयांवर १८६२ हेच साल छापत होते, त्यामुळे नाणी भरपूर आहेत. मुंबई टांकसाळीच्या नगांवर बारीक ठिपके असतात. भिंग घेऊन ते मोजा, ठिपक्यांच्या काही जुळण्या दुर्मीळ आहेत. १९०७ आणि १९१९ सर्वसाधारण. झिजलेले असतील तर चांदीच्या किमतीपेक्षा फार चढत नाहीत.

१९११ चा मात्र मोडीत देऊ नका. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ मध्ये चित्र बदललं. सोंड आखूड असेल तर तेच. त्याची खोटी नाणीही फिरतात. ओतीव नक्कल असेल तर पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत लागतो, अक्षरांजवळ सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात आणि कडेच्या रेघा मध्येच बुजलेल्या असतात.

गोदाकाठ:
१.०८ आला, मुकुटही सपाट आहे. चुंबक १९४७ लाच चिकटला. १९१९ च्या एकाला मात्र कडी लावून काढल्याचा डाख आहे.

टाकसाळ_४२२:
मग तो १९१९ चा आणि १९४२ चे मोडीला द्या. डाख खरवडून काढला तरी भिंगाखाली दिसतोच.

बंदा_रुपया:
फारसी रुपया घाईने विकू नका. आपल्या भागात चांदवडला टांकसाळ होती आणि नाशिकच्या टांकसाळीचं नाव गुलशनाबाद होतं. या नाण्यांचा साचा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे टांकसाळीचं नाव अर्धवट उमटतं. ते वाचता आलं तर किंमत वेगळी होते. दिवा बाजूने तिरका धरून दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयातली नाणीही पाहून या. परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायचा विचार करू नका, शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू आहे.

विकेपर्यंत प्रत्येक नग वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाण्यावर हिरवट चिकटा धरतो, आणि रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते.