लेशेक बाल्त्सेरोविच: १ जानेवारी १९९० ला नक्की काय केलं, आणि पुढची कारकीर्द कशी झाली?

नोंदवही
पोलंडच्या आर्थिक सुधारणांबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं ते दोन टोकांचं असतं. एका बाजूला 'अर्थमंत्री बाल्त्सेरोविचने एका रात्रीत बाजारपेठ उभी केली', दुसऱ्या बाजूला 'शॉक थेरपीने (सगळे बदल एकदम करण्याच्या धोरणाने) लाखो संसार उघड्यावर आणले'. मधला तपशील कुठेच नसतो. माणूस मुळात कोण, कम्युनिस्ट पक्षात होता हे खरं का, १९९० च्या योजनेत कोणती पावलं कोणत्या क्रमाने टाकली आणि कुठे चुकलं, हे आकड्यांसह कोणी सांगेल का? १९९१ नंतर त्याचं काय झालं हेही हवं आहे. आपल्याकडच्या १९९१ शी त्याची तुलना सर्रास होते, ती कितपत बरोबर आहे?

गोदाकाठ
आधी माणूस. जन्म १९ जानेवारी १९४७, लिप्नो या छोट्या गावात. वॉर्साच्या केंद्रीय नियोजन आणि सांख्यिकी विद्यालयातून परकीय व्यापार विषयात १९७० साली पदवी, १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठातून एमबीए, १९७५ मध्ये पुन्हा वॉर्सात डॉक्टरेट. पक्षाबद्दल विचारलंत: हो, १९६९ पासून तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर त्याने पक्ष सोडला.

महत्त्वाची गोष्ट १९७८ ची. त्या वर्षी त्याने तरुण अर्थतज्ज्ञांचा एक गट जमवला आणि पोलंडच्या अर्थव्यवस्थेचा पर्यायी आराखडा लिहायला घेतला. १९८० मध्ये तो मांडला तेव्हा 'बाल्त्सेरोविच गट' हे नाव पडलं. सॉलिडॅरिटी या कम्युनिस्टविरोधी कामगार संघटनेची मंडळी त्याला ओळखत होती ती या आराखड्यामुळे. त्यात आमूलाग्र खासगीकरण नव्हतं, सरकारी कारखान्यांना स्वायत्तता हा गाभा होता. १९८९ ची योजना अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्सने अमेरिकेतून आणून हातात दिली असं लिहितात, ते अर्धवट आहे. सॅक्स आणि डेव्हिड लिप्टन सल्ला देत होते, नाणेनिधीचाही हात होता. पण पंतप्रधान माझोव्येत्स्कींच्या मंत्रिमंडळात १२ सप्टेंबर १९८९ ला बाल्त्सेरोविच उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री झाला, तेव्हा या विषयावरची दहा वर्षांची तयारी त्याच्या गाठीशी होती.

हिशेबनीस
योजना समजण्यासाठी आधी १९८९ चा उन्हाळा बघावा लागतो. १ ऑगस्ट १९८९ ला राकोव्स्कींच्या जुन्या कम्युनिस्ट सरकारने जाता जाता खाद्यपदार्थांचे भाव मोकळे केले आणि पगार मात्र महागाईला जोडून ठेवले. भाव वाढले की पगार, पगार वाढले की भाव. ऑक्टोबरमध्ये एका महिन्याची महागाई ५४.८ टक्के होती. अर्थसंकल्पाची तूट नोटा छापून भरली जात होती. लोक झ्लॉटी (पोलंडचं चलन) हातात आला की डॉलर किंवा माल घेऊन ठेवत होते.

डिसेंबर १९८९ च्या शेवटच्या आठवड्यात संसदेने दहा कायदे एकत्र मंजूर केले: सरकारी कारखान्यांनाही दिवाळखोरी लागू, मध्यवर्ती बँकेकडून तूट भरण्यावर मर्यादा, जुन्या कर्जांचे व्याजदर बदलण्याची मुभा, पगारवाढीवर कर, नवे करनियम, परकीय गुंतवणूक, परकीय चलन, आयात शुल्क, रोजगार आणि बेकारभत्ता, सामूहिक कपातीचे नियम. घाई का, तर १ जानेवारीला सगळं एकाच दिवशी लागू व्हायला हवं होतं. भाव मोकळे केले आणि पतपुरवठा सैल ठेवला तर ऑगस्टचीच पुनरावृत्ती झाली असती.

१ जानेवारीला सुमारे ९० टक्के भाव बाजारावर सोडले. कोळसा, वीज, गॅस सरकारच्या हातात राहिले, पण त्यांचे दर कित्येक पटींनी वाढवले, कारण अनुदानाचा मोठा वाटा तिथे जात होता. मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जानेवारीसाठी ३६ टक्के ठेवला. लक्षात घ्या, हा *महिन्याचा* दर आहे. फेब्रुवारीत २०, मार्चमध्ये १०.

मग महागाई बांधून ठेवायला दोन खुंटे ठोकले. पहिला विनिमय दर: डॉलरला ९,५०० झ्लॉटी, स्थिर. त्यामागे पाश्चात्त्य देशांनी उभा केलेला एक अब्ज डॉलरचा स्थिरीकरण निधी. दुसरा 'पोपिवेक' म्हणजे पगारवाढीवरचा दंडात्मक कर, आणि माझ्या मते योजनेचा खरा कणा हाच. सूत्र असं: महिन्याची महागाई गुणिले सरकारने ठरवलेला गुणक, एवढीच वाढ करमुक्त. जानेवारीचा गुणक ०.३ होता. त्या महिन्यात भाव ७९.६ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पगाराची रक्कम सुमारे २३.९ टक्के वाढवता येत होती. फेब्रुवारीत महागाई २३.८ आणि गुणक ०.२, म्हणजे मुभा ४.८ टक्क्यांच्या आत. त्याच्या वर गेलं की जादा प्रत्येक झ्लॉटीवर २ ते ५ झ्लॉटी कर, तोही कारखान्याच्या नफ्यातून.

इतका कडक कर का? सरकारी कारखान्यात पगारवाढीला नाही म्हणणारा मालकच नव्हता. १९८१ च्या कायद्याने कामगार परिषदांना व्यवस्थापक नेमण्या-काढण्यात मोठा अधिकार होता, आणि व्यवस्थापक त्यांना दुखवू शकत नव्हता. खासगी कंपनीत मालक स्वतःच पगार आवरतो, म्हणून पुढे खासगी कंपन्यांना यातून वगळलं.

परिणाम: महिन्याची महागाई मार्चमध्ये ५ टक्क्यांच्या आत आली. दुकानांत माल दिसू लागला, रांगा गेल्या.

तिसरी घंटा
हिशेबनीस यांचं यंत्रणेचं वर्णन बरोबर आहे, पण सरकारने जाहीर केलेले अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. जानेवारीच्या महागाईचा अंदाज ४५ टक्के, झाली ७९.६. वर्षभरातली सकल उत्पादनाची घसरण ३.१ टक्के धरली होती, झाली ११.६. बेकार चार लाखांच्या आसपास होतील म्हणाले, वर्षाअखेर ११ लाखांवर गेले, १९९१ अखेर २१ लाखांवर. १९९० मध्ये सरासरी खरा पगार (महागाई वजा करता) सुमारे २४ टक्क्यांनी घटला.

दोन जखमा तर आकड्यांतही पूर्ण येत नाहीत. पहिली जुन्या कर्जांची. दहा कायद्यांपैकी पतव्यवहाराच्या कायद्याने *आधी केलेल्या* करारांचेही व्याजदर बदलले. स्वस्त व्याजाने ट्रॅक्टर घेतलेला शेतकरी जानेवारीत एकदम या नव्या दरांच्या तोंडी सापडला. आंद्झेय लेप्पेरची 'सामोओब्रोना' (स्वसंरक्षण) चळवळ या कर्जबाजारी शेतकऱ्यांतूनच उभी राहिली, आणि 'बाल्त्सेरोविचने गेलंच पाहिजे' ही घोषणा दशकभर गाजली.

दुसरी सरकारी शेतांची, म्हणजे 'पेगेएर'ची. पोलंडमध्ये सुमारे तीन चतुर्थांश शेतजमीन कम्युनिस्ट काळातही खासगीच होती. सरकारी शेतं प्रामुख्याने उत्तरेत आणि पश्चिमेत होती. ऑक्टोबर १९९१ च्या कायद्याने ती मोडीत काढली. तिथल्या कामगारांचं घर, पाळणाघर, दुकान, बस सगळं शेताच्या मालकीचं असे, त्यामुळे नोकरीबरोबर गावच बंद पडलं. जवळपास दुसरा रोजगार नव्हता आणि शहरात घरं मिळत नव्हती. ही बेकारी पुढच्या पिढीतही उतरली. बेकारभत्ता होता, श्रममंत्री यात्सेक कुरोन् यांच्या नावावरून लोक त्याला 'कुरोनुव्का' म्हणत, पण भत्त्याने असं गाव परत उभं राहत नाही.

नोंदवही
फार उपयोगी माहिती. एक शंका: अंदाज इतका का चुकला? आणि तो एक अब्जाचा निधी शेवटी किती वापरावा लागला?

हिशेबनीस
निधी वापरावा लागलाच नाही, आणि चूक कुठे झाली याचा माग इथूनच लागतो. ९,५०० हा दर मुद्दाम कमकुवत ठेवला होता, गंगाजळी आटू नये म्हणून. तो जरुरीपेक्षा जास्त कमकुवत निघाला. आयात महाग झाली, त्याने जानेवारीची भाववाढ फुगली. दुसरीकडे व्यापारात शिल्लक पडू लागली, म्हणजे देशांतर्गत मागणी गरजेहून जास्त दाबली गेली होती.

कारखान्यांकडे डॉलरच्या ठेवी आणि जुन्या भावाने घेतलेला कच्चा माल होता. दोन्हींची झ्लॉटीतली किंमत वाढली आणि कागदावर प्रचंड नफा दिसला. त्या नफ्यावर कर बसला, म्हणून १९९० चा अर्थसंकल्प चक्क शिलकीत गेला. सरकारला वाटलं कारखाने तगले, आता थोडं सैल करता येईल. वर्षाच्या उत्तरार्धात पोपिवेकचा गुणक आणि व्याजदर सैल केले, महागाईने पुन्हा डोकं वर काढलं. १९९१ मध्ये तो कागदी नफा संपला, कराचं उत्पन्न आटलं आणि तूट परतली.

त्यात १ जानेवारी १९९१ पासून सोव्हिएत गटातला व्यापार डॉलरमध्ये सुरू झाला आणि पूर्वेकडची मागणी कोसळली. १९९१ मधल्या ७ टक्के घसरणीचं मोठं कारण हे आहे, ते योजनेच्या खात्यावर टाकणं योग्य नाही. १९९० च्या ११.६ मधला काही भाग आकडेमोडीचा आहे: कुणालाही नको असलेला माल आधी उत्पादनात मोजला जात होता आणि नवे छोटे व्यवसाय नोंदीतून सुटत होते. पण उद्योगातली सुमारे २४ टक्के घट केवळ मोजणीची नक्कीच नव्हती.

स्थिर दर मे १९९१ पर्यंत टिकला. तोवर देशातली महागाई त्याला खाऊन गेली होती, म्हणून ११,१०० वर अवमूल्यन करावं लागलं. ऑक्टोबर १९९१ पासून दर दरमहा १.८ टक्के ठरवून घसरू द्यायची पद्धत आली. स्थिर दराचा खुंटा काही महिन्यांसाठी उत्तम, पण तो कधी काढायचा हे आधी ठरवलेलं नसेल तर निर्यात मारतो.

तिसरी घंटा, कर्जांचा मुद्दा पूर्ण मान्य. फक्त एक जोड: जुने दर तसेच ठेवले असते तर महागाईने कर्ज जवळपास माफ झालं असतं आणि ठेवीदार बुडाले असते. दर बदलणं अटळ होतं. हप्ते लांबवून द्यायची सोय वेळेवर केली नाही, ही चूक.

सह्यकडा
भारताच्या तुलनेबद्दल थोडक्यात. जुलै १९९१ मध्ये आपल्याकडे परकीय चलनाचं संकट होतं, अतिमहागाई नव्हती. रुपयाचं अवमूल्यन १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत झालं, भाव एका दिवसात मोकळे केले नाहीत. शिवाय खासगी उद्योग, बँका, कंपनी कायदा हे सगळं आधीपासून होतं. मुंबईचा शेअरबाजार १८७५ चा, तर वॉर्साचा १६ एप्रिल १९९१ ला पाच कंपन्यांवर सुरू झाला, तोही कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयात. साम्य एवढंच की दोन्हीकडे विद्वान अर्थमंत्र्याला राजकीय संरक्षण देणारा पंतप्रधान होता.

आणि एक श्रेय योग्य ठिकाणी द्यायला हवं. कुणालाही व्यवसाय सुरू करता येईल हा कायदा बाल्त्सेरोविचचा नाही. तो डिसेंबर १९८८ चा, कम्युनिस्ट सरकारातले उद्योगमंत्री मिएचिस्वाव विल्चेक यांचा. १९९० मध्ये फुटपाथवर खाटा टाकून विकणारे हजारो लोक त्याच कायद्याच्या आधाराने उभे होते.

आडवाट
आता १९९१ नंतरचं. डिसेंबर १९९१ मध्ये बाल्त्सेरोविच सरकारबाहेर पडला. त्याआधी एप्रिलमध्ये पॅरिस क्लबकडून (कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटाकडून) पोलंडच्या सरकारी कर्जात ५० टक्के सूट मिळाली होती, आणि पुढच्या वाढीसाठी ती फार मोलाची ठरली. १९९२ मध्ये अर्थव्यवस्था २.६ टक्के वाढली.

१९९५ मध्ये तो माझोव्येत्स्कींच्या जागी 'स्वातंत्र्य संघ' पक्षाचा अध्यक्ष झाला. १९९७ च्या निवडणुकीत पक्षाला १३.४ टक्के मतं आणि ६० जागा मिळाल्या. तो स्वतः काटोविसेतून, म्हणजे खाणकामगारांच्या मुलुखातून निवडून आला. पंतप्रधान येझी बुझेक यांच्या सरकारात पुन्हा उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री. या वेळी त्याला पूर्वीची मोकळीक नव्हती. १९९८ मध्ये सर्वांना २२ टक्के असा एकच आयकर सुचवला, तो सहकारी पक्षालाच पटला नाही. वैयक्तिक आयकराचा सौम्य मसुदा नोव्हेंबर १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वाश्न्येव्स्कींनी नाकारला. कंपन्यांवरचा कर मात्र २००० मध्ये ३४ वरून ३० टक्क्यांवर आला. १ जानेवारी १९९९ ला निवृत्तिवेतन, आरोग्य आणि प्रशासन यांच्या सुधारणा एकाच दिवशी लागू केल्या (प्रांत ४९ वरून १६). इतकं एकदम पेलण्याची यंत्रणेची ताकद नव्हती, आरोग्य निधींचा गोंधळ लोकांना प्रत्यक्ष भोगावा लागला. जून २००० मध्ये पक्ष आघाडीतून बाहेर पडला.

१० जानेवारी २००१ ला तो पोलंडच्या राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष झाला, मुदत सहा वर्षं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याचा जुना पक्ष ३.१ टक्क्यांवर येऊन संसदेबाहेर गेला आणि लेप्पेरच्या पक्षाला ५३ जागा मिळाल्या. १९९० च्या योजनेची राजकीय किंमत अकरा वर्षांनी अशी चुकती झाली.

बँकेतल्या कारभाराबद्दल माझं मत कठोर आहे. तो आला तेव्हा मुख्य व्याजदर १९ टक्के होता. २००१ च्या अखेरीस तो ११.५ झाला, पण तोवर महागाई ३.६ वर आली होती. म्हणजे खरा व्याजदर (महागाई वजा करता) ८ टक्क्यांच्या आसपास, तेही वाढ मंदावलेली आणि बेकारी २० टक्क्यांकडे निघालेली असताना. २००३ मध्ये सरासरी महागाई ०.८ टक्के झाली, बँकेच्या लक्ष्याच्या बरीच खाली. दर वर्षभर आधी झपाट्याने उतरवायला हवे होते. दर ठरवणाऱ्या परिषदेत अध्यक्ष धरून दहा जण असतात, तेव्हा दोष एकट्याचा नाही, पण दिशा त्याचीच होती.

२००६ मध्ये संसदेने बँकांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तो तिच्यासमोर गेला नाही. घटनात्मक न्यायाधिकरणाने सप्टेंबरमध्ये त्या समितीच्या ठरावातला बराच भाग घटनाबाह्य ठरवला. मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता त्याने जपली, हे त्याचे विरोधकही नाकारत नाहीत.

गोदाकाठ
आडवाट, निवृत्तिवेतनाचा धागा पुढे नेतो, कारण पद सोडल्यावरची त्याची मोठी लढाई तीच. १९९९ च्या रचनेत पगाराच्या १९.५२ टक्के वर्गणीपैकी ७.३ टक्के खासगी पेन्शन निधींत जात होते. २००७ मध्ये त्याने स्वतःची संस्था काढली, २०१० मध्ये वॉर्साच्या मध्यवस्तीत सार्वजनिक कर्जाचं घड्याळ लावलं. २०११ मध्ये सरकारने ते ७.३ चे २.३ केले, तेव्हा एकेकाळचा त्याचाच सहकारी, अर्थमंत्री रोस्तोव्स्की, आणि तो जाहीरपणे भिडले. फेब्रुवारी २०१४ मध्ये निधींमधली ५१.५ टक्के मालमत्ता सरकारी विमा संस्थेकडे वळवली गेली.

यामागचा तांत्रिक पेच असा: वर्गणीचा भाग खासगी निधींत गेला की चालू पेन्शनसाठी सरकारला कर्ज काढावं लागतं, आणि ते कर्ज राज्यघटनेच्या २१६ व्या कलमातल्या, सकल उत्पन्नाच्या तीन पंचमांश या मर्यादेत मोजलं जातं. उलट, भावी पेन्शनचं आश्वासन त्यात मोजलं जात नाही. म्हणून पैसे सरकारकडे वळवले की कागदावरचं कर्ज घटतं, देणं मात्र तेवढंच राहतं. बाल्त्सेरोविचचा आक्षेप नेमका यावर होता आणि तो मला पटतो. पण ही भोकं बुजवायला खासगीकरणाचा पैसा पुरेल हे १९९९ चं गृहीतक त्याच्याच मंत्रिपदाच्या काळातलं होतं, हेही लिहिताना नोंदवा.